एकाहत्तर टक्के

७२

तुळजाबाईंनी मूठ किंचित पिळली. बॅटरीची गाडी हातभर पुढे गेली आणि तिकिटाच्या खिडकीपासून दोन माणसांवर थांबली. त्यांनी लगेच दांड्यावरच्या आकड्याकडे पाहिलं.

"किती टक्के, माय?" मागून रामप्रसादने विचारलं.

"बहात्तर."

पार्किंगपासून इथपर्यंत हा प्रश्न त्यांना मुलाने, सुनेने आणि नातीने आळीपाळीने विचारला होता. काल लाईट गेली होती, चार्जिंग अर्धवट राहिलं होतं, आणि बॅटरी मुळात जुनी. गाडीच जुनी. रामप्रसादने ती महिन्यापूर्वी कोणाकडून तरी आणली होती. तुळजाबाईंचे गुडघे दुखत, पण चालता येत नव्हतं असं नाही. घरात त्या चालत, नवीन जालन्यातल्या त्यांच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत. दिवसभर झुल्यांच्या पार्कात फिरणं मात्र झालं नसतं, आणि आकांक्षाला वाढदिवसाला आजी हवीच होती.

"ध्यानात हाय ना?" रामप्रसाद म्हणाला. "दिवा लावायचा न्हाई. हॉर्न न्हाई. अन् काटा कासवावर. सशाकडं न्यायचाच न्हाई."

काट्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र होतं, दुसऱ्या टोकाला सशाचं.

"अरे, मी काय शर्यतीला आले का?"

आकांक्षा खळखळून हसली. रांग सरकली. गाडी खिडकीशी आली.

७१

खिडकीतल्या मुलीने मान पुढे काढून गाडी पाहिली.

"किती टक्के?"

"एकाहत्तर," तुळजाबाई म्हणाल्या.

मुलीने वहीत लिहिलं. बाहेर येऊन स्वतःच्या हाताने त्यांच्या मनगटावर निळी पट्टी बांधली.

"सर्टिफिकेट आणलंय का, मावशी?"

"अं?"

"राहू द्या. खोटं बोलणारे पन्नास सांगतात, न्हाईतर सरळ शंभर. एकाहत्तर कोणी मनानं सांगत न्हाई." ती रामप्रसादकडे वळली. "यांच्यासंगं तिघं. प्रत्येक झुल्याला बाजूचं दार हाय, तिथून जायचं. रांग लावायची न्हाई."

पट्टी सगळ्यांनाच बांधतात असं तुळजाबाईंना वाटलं. त्या गाडी वळवत होत्या तेवढ्यात मागची बाई खिडकीशी आली. चाळिशीची असेल. काखेत कुबडी, डाव्या पायाला बुटापासून मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या. शेजारी नवरा, हातात डब्याची पिशवी, आणि दहाएक वर्षांची मुलगी.

"किती टक्के?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"छत्तीस."

"चाळीसच्या खाली अपंगात बसत न्हाई, ताई. सिविलमधून वाढवून आणा."

"दो बार गये थे ना," ती बाई हसली. "डॉक्टर म्हणले, पाय तेवढाच वाळलाय. आता और कितना सुखाऊं?"

खिडकीतली मुलगीही हसली, आणि तिने साधी तिकिटं फाडली.

तुळजाबाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यांनी मूठ सोडली.

"राम, अरे तिनं मला..."

"चल, माय." त्याचा हात त्यांच्या खांद्यावर आला. हलकाच होता, पण पुढे ढकलत होता. "लोक खोळंबलेत मागं."

"मी बॅटरीचं सांगितलं."

"माहिताय मला."

तो आवाज न करता हसत होता. खांद्यावरच्या हातातून तुळजाबाईंना ते हसू कळलं.

"अहो, हे बराबर न्हाई," सून भावना हळू म्हणाली.

"आपण थोडंच काही बोललो? तिनंच लिहिलं."

आकांक्षा तोवर बाजूच्या दाराकडे धावली होती.

६६, ६३, ५९

प्रत्येक झुल्याला तेच. गाडी बाजूच्या दाराशी न्यायची, गार्डला मनगट दाखवायचं, तिघं आत जायची. तुळजाबाई बाहेर. त्यांच्याशिवाय दार उघडत नव्हतं आणि त्यांना आत जायचं नव्हतं.

रांगेवर सावलीला पत्रा नव्हता. दुसऱ्या झुल्याला ती कुबडीवाली बाई रांगेत मध्यावर उभी होती, नवऱ्याच्या खांद्याला टेकून. तिने ओळखीचा हात केला. तुळजाबाईंनीही केला, आणि हात वर जाताच निळी पट्टी कोपराकडे घसरली.

तिसऱ्या झुल्याला त्यांनी पदर मनगटावर ओढून घेतला.

"पट्टी दाखवा, मावशी."

त्यांनी पदर बाजूला केला.

भावना बाहेर आली तेव्हा तिचे केस सुटले होते आणि ती हसत होती. सकाळचं 'बराबर न्हाई' तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. सुनेला असं हसताना तुळजाबाईंनी किती दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांनी पट्टी पुन्हा पदराखाली घेतली.

"आजी, तू हायेस म्हणून सगळं जल्दी होऊन राह्यलंय!" आकांक्षाने गळ्यात हात टाकले. "मी शाळेत सांगणार."

"काय सांगणार?"

"की माझ्या आजीला एकाहत्तर टक्के हाय."

५५

"राम, मला घरी सोड."

"काय झालं? किती टक्के?"

"पंचावन्न."

"मंग काय! पाचपर्यंत आरामात पुरती."

तो निघूनही गेला. ऊन लागतंय का, पाणी हवंय का, काही नाही. आकडा विचारला आणि उत्तर मिळालं. तुळजाबाई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसल्या. मग त्यांना वाटलं, हा आकडाच संपला तर? गाडी बंद पडली की बाजूचं दारही बंद. कोणाला काही बोलावं लागणार नाही. पोरीच्या वाढदिवसात मिठाचा खडा नको, मुलाशी चारचौघांत वाद नको. नुसतं, बॅटरी संपली बाबा.

तिघं पाण्याच्या मोठ्या हौदात उतरली होती. मोबाइल लॉकरमध्ये. तासभर तरी येणार नव्हती.

त्यांनी भर उन्हात दिवा लावला.

५१

काटा सशाकडे नेला.

४४

कारंज्याभोवती एक फेरी. दुसरी फेरी. मोकळ्या रस्त्यावर हॉर्न. बाकावर बसलेले लोक वळून बघू लागले. कोणीतरी ओरडलं, "वा मावशी, सुसाट!" तुळजाबाईंनी मान वर केली नाही. बासष्ट वर्षांच्या बाईने असं करावं का, या लाजेपेक्षा मनगटावरची लाज मोठी होती, एवढंच.

२६

आणखी फेऱ्या.

९

कारंज्यापासून एक रस्ता खाली जात होता, छोट्या रेल्वेच्या मागे, जिथे झाडं लावली होती आणि माणसं नव्हती. तिथे कोणी बघणार नाही म्हणून त्या उतारावरून खाली गेल्या, आकडा लाल होऊन लुकलुकायला लागला, टुकटुक असा आवाज आला आणि गाडी

०

थांबली.

छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं. मग त्यांनी मागे वळून तो चढ पाहिला.

"क्या हुआ, अम्मा?"

झाडाखालून कुबडीवाली बाई उठत होती. नवरा डब्याची पिशवी बांधत होता. ती दोघं तिथे सावलीत जेवायला बसली होती.

"बॅटरी गेली," तुळजाबाई म्हणाल्या.

"अजमत, जरा देखो जी."

अजमत आष्टीत पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा. त्याने वाकून गाडीच्या पोटाखाली हात घातला, एक कळ ओढली, आणि चाकं मोकळी झाली. "हां. अब ढकलता येईल. गेटवर चार्जिंग मिळेल."

"राहू द्या, दादा. माझा लेक येईल."

"कब आयेगा? धूप देखो. आम्हाला तिकडंच जायचंय, परतूरची गाडी धरायचीय."

"इतक्या लवकर?"

"दोनच झुले झाले," ती बाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "रांगेत पाय थांबत न्हाई माझा. पोरीला, सबाला म्हणलं, तू एकटी जा; तर ती मला सोडून जाईना. आता पुढं गेली ती, गेटवर बसते म्हणून. मी नूरबी."

"मी तुळजाबाई."

अजमतने पाठीची दांडी धरली आणि ढकलायला सुरुवात केली.

चढ मधेच तीव्र झाला. मागे अजमतचा श्वास ऐकू येत होता. बाजूला नूरबीची कुबडी. आधी कुबडी, मग लोखंडाचा खडखडाट, मग चांगलं पाऊल, आणि मधे थोडं थांबणं. तुळजाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. एकदा अजमतचा पाय सटकला आणि गाडी वीतभर मागे आली. नूरबीने कुबडी टाकून दोन्ही हातांनी दांडी धरली.

"थांबा," तुळजाबाई म्हणाल्या.

गाडी थांबली. अजमतने चाकाखाली दगड लावला.

तुळजाबाई दोन्ही हातांवर जोर देऊन उठल्या आणि खाली उतरल्या. गुडघ्यांतून कळ गेली, नेहमीची. त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या.

"मला चालता येतं," त्या म्हणाल्या. "चालता येतं मला. मी बॅटरीचा आकडा सांगितला होता, अन् तिनं..."

"मालूम है, अम्मा," नूरबी म्हणाली.

तुळजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"सकाळी एस्टीतून उतरून आम्ही पार्किंगमधूनच आल्तो. तुम्ही पिकअपची फळी धरून उभ्या होत्या. ही गाडी उतरवून घेत होत्या लेकासंगं."

"मंग ढकलत कशाला होते तुम्ही?"

नूरबीला प्रश्नच कळला नसावा. ती नवऱ्याकडे बघून मग म्हणाली,

"गाडी बंद पडली ना."

अजमतने खाली पडलेली कुबडी उचलून बायकोच्या हातात दिली. तुळजाबाई सीटवरून पदर फिरवत म्हणाल्या, "तू बस, माय. बस तू. आम्ही दोघं ढकलतो."

"न्हाई अम्मा."

"अगं बस की!"

"बसले तर परत उठू वाटायचं न्हाई," नूरबी हसून म्हणाली. "रोज कोण ढकलतंय?"

मग तिघंही चालू लागली. एका बाजूला अजमत, एका बाजूला तुळजाबाई, दांडीवर एकेक हात. नूरबी मागे. मधे रिकामी गाडी.

चढ संपला आणि फरसबंदी लागली, तसे लोक दिसू लागले. दारावरच्या गार्डने लांबून गाडी पाहिली आणि शिट्टी वाजवली.

"सरका, सरका! अपंगाची गाडी येऊन राह्यली. वाट द्या!"

माणसं दोन्हीकडे झाली. एका बाईने आपल्या मुलाला दंड धरून मागे ओढलं. पुरुषांनी आवाज खाली आणले. मधल्या मोकळ्या वाटेने रिकामी सीट पुढे गेली आणि लोक तिच्याकडे, मग तिघांकडे बघत राहिले.

मागे कुठूनतरी आकांक्षाची हाक आली. "आजी! आजी, तू खाली का उतरलीस?" ओल्या पावलांचा धावण्याचा आवाज जवळ येत होता, त्यामागे रामप्रसादचा.

गार्डने गाडी थांबवली. सीट पाहिली.

"पेशंट कुठंय?" त्याची नजर नूरबीच्या लोखंडी पट्ट्यांवर गेली. "तुमची का, ताई?"

नूरबी कुबडीवर भार टाकून बाहेरच्या रस्त्याकडे, सबा कुठे दिसते का ते बघत होती.

"माझी," तुळजाबाई म्हणाल्या.

गार्डने त्यांच्या पायांकडे पाहिलं. आजूबाजूच्या सगळ्यांनीच पाहिलं. तुळजाबाईंनी दांडीवरचा हात काढून घेतला आणि त्या कशालाही न धरता उभ्या राहिल्या.