दहावा पेला

मला पत्ते वाचता येत नाहीत, असं तोंडावर म्हणणारी एकच बाई मला भेटली, आणि नेमका तिच्याच टेबलावर माझा डोळा होता.

मार्सेयच्या टोकाला, लेस्ताकच्या धक्क्यासमोर बार्तेलेमीचा कॅफे आहे. तिथलं खिडकीजवळचं टेबल झेलीमावशीचं. ती सख्खी मावशी कुणाचीच नाही, पण सगळा धक्का तिला मावशी म्हणतो. मला कळायला लागलं तेव्हापासून ती तिथे बसून मार्सेयच्या जुन्या टॅरो पत्त्यांवर लोकांना त्यांचं बरंवाईट सांगत आलीय. माझं दुकान त्याच कॅफेत, मागे, संडासाच्या दाराशी. माझे पत्ते नव्या धाटणीचे, लहानमोठ्या प्रत्येक पत्त्यावर रंगीत चित्र. माझ्याकडे यायचे ते सुट्टीवर आलेले पाहुणे. धक्क्यावरच्या बायका फिरकायच्या नाहीत. मासळीवाली मादाम कास्तेल तर जाता-येता म्हणायची, “ही चित्रांची पुस्तकं बालवाडीत नेऊन दाखव गं, मागाली.” आणि आवाज असा लावायची की कॅफेभर ऐकू जावं.

त्या वसंतात मावशीने जाहीर केलं की ती लियोनला मुलीकडे कायमची राहायला चाललीय. तिचे हात थरथरायला लागले होते, घरचा जिना चढवत नव्हता, आणि ओडेट, तिची मुलगी, ये म्हणत होती. मग टेबल कुणाचं? मावशी म्हणाली, मागालीचं, पण जुने पत्ते वाचता आले तरच. निघायच्या आदल्या दिवशी ती स्वतः परीक्षा घेणार होती. मी नापास झाले तर शेजारच्या एक्स गावच्या त्या एस्तेव्हला निरोप जाणार होता. एस्तेव्ह जांभळा कोट घालतो आणि बोलताना डोळे मिटून घेतो. पत्ते समोर असताना डोळे मिटणाऱ्या माणसाला ते टेबल मिळावं, या कल्पनेनेच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला ते टेबल हवं होतं. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

शिकवणी सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. जुन्या जोडात मोठ्या पत्त्यांवर माणसं असतात, राजेराण्या असतात, पण छोट्या पत्त्यांवर कुणीच नसतं. नुसते पेले, नाणी, तलवारी, दंडुके, आणि मधून वेलबुट्टी. जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडासारखं. मावशीने तलवारींची तिर्री टाकली. मी लगेच सांगून मोकळी झाले की काळीज फाटलंय, मोठं दुःख आहे.

“काळीज कुठेय?” मावशीने विचारलं.

मी पत्त्याकडे पाहिलं. दोन वाकड्या तलवारी, मधून एक सरळ, तिच्या दोन बाजूंना हिरव्या डहाळ्या. काळीज माझ्या नव्या पत्त्यावर होतं, तीन तलवारींनी भोसकलेलं. इथे त्याचा पत्ताच नव्हता.

“घरून आणलंस होय?” ती म्हणाली. “घरचं घरी ठेवायचं. समोर काय आहे ते बोल.”

नव्या पत्त्यांकडून आलेले सगळे हीच चूक करतात, असं तिचं म्हणणं. मला सगळ्यांत मोजलं याचा राग आला, म्हणून मी नेटाने शिकले. पेले म्हणजे माया, तलवारी म्हणजे बोलणं, नाणी म्हणजे घरदार, दंडुके म्हणजे काम. तेराव्या पत्त्याचं नाव घ्यायचं नाही, कारण त्यावर नाव छापलेलंच नसतं. आणि मुख्य म्हणजे, पत्त्यावरचं माणूस कुठे बघतंय ते आधी बघायचं. ते ज्याच्याकडे बघतं ते त्याला हवं असतं, ज्याच्याकडे पाठ करतं ते नको असतं. उन्हाळा लागेपर्यंत मला हे सगळं येत होतं, आणि चांगलं येत होतं.

परीक्षेच्या दिवशी मावशीने मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. शेजारच्या टेबलावर मादाम कास्तेल गरम पानीस, म्हणजे चण्याच्या पिठाचे तळलेले तुकडे, खात, कान टवकारून बसली होती. मला वाटलं मावशी कास्तेलचंच काहीतरी वाचायला लावेल.

“माझंच वाच,” मावशी म्हणाली. “लियोनला मी कशी राहीन?”

मी तीन पत्ते मांडले. डावीकडे तारका, नदीकाठी गुडघा टेकून पाणी ओतणारी बाई. मध्ये कंदील धरलेला म्हातारा संन्यासी. उजवीकडे पेल्यांची दश्शी.

दश्शी दिसली आणि मला हायसं वाटलं. माझ्या नव्या जोडात या पत्त्यावर इंद्रधनुष्य असतं, खाली नवराबायको आणि नाचणारी पोरं. भरलेलं सुखी घर. मावशी, खुशाल जा, एवढं म्हटलं की टेबल माझं. शब्द ओठांवर आले होते.

पण इंद्रधनुष्य समोर नव्हतं.

समोर नऊ पेले होते, तीन रांगांत, नीट उभे. दहावा मोठा, पण त्याला उभं राहायला जागा नव्हती. तो सगळ्यांच्या डोक्यावर आडवा ठेवलेला होता. आणि मधल्या म्हाताऱ्याने त्या पेल्यांकडे पाठ केली होती. तो कंदील उंच धरून डावीकडच्या पाण्याकडे बघत होता.

मला मावशीचा राग आला, पत्त्यांचाही आला. तरी मी आवाज स्थिर ठेवला.

“तिथलं घर भरलेलं आहे,” मी म्हणाले. “माया आहे, पण जागा नाही. तुम्हाला ते डोक्यावर आडवं ठेवतील. आणि तुम्हाला तरी कुठे जायचंय? तुमचं लक्ष इथल्या पाण्यात आहे. जाऊ नका, मावशी.”

कास्तेल खायची थांबली.

“मग टेबलाचं काय?” मावशीने विचारलं.

“टेबल तुमचंच राहिलं,” मी म्हणाले.

मावशीने तिथूनच मुलीला फोन लावला आणि सांगितलं की ती येत नाही. ओडेटने नक्की ना म्हणून विचारलं. मावशी नक्की म्हणाली. त्यावर ओडेटने जो सुटकेचा श्वास सोडला तो टेबलाच्या या बाजूला मलाही ऐकू आला. मग ती घाईघाईने म्हणाली की आम्हीच येत जाऊ. मावशीने बरं म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली. माझं वाचन खरं ठरलं होतं, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

मी तिची खुर्ची सोडायला उठले.

“बस,” ती म्हणाली. “कास्तेल, दुसरी खुर्ची ओढ आणि काय विचारायचं ते हिला विचार.”

“पण ही तुमची जागा,” मी म्हणाले.

“त्या जागेवर बसून मी जन्मभर लोकांची तोंडं बघितली,” मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली. “समुद्र या खुर्चीतून दिसतो.”