मालनबाईच्या पोटाची कैफियत

मी मालनबाईचं पोट बोलतोय. एरवी मी गुरगुरून बोलतो आणि चारचौघांत तिला खाली बघायला लावतो. आज जरा नीट बोलतो.

मालनबाईच्या घरचा मळा मखमलाबादला. पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या आणि पंचवटीच्या बाजारात गोणपाट टाकून दुपारपर्यंत बसायचं, यात तिचा जन्म गेला. तरुणपणी बाजरीची भाकरी, ठेचा, कच्चा कांदा, काहीही येऊ दे, मी दगडसुद्धा पचवीन अशा गुर्मीत असायचो.

बाजारात ती मला पाणी मात्र द्यायची नाही. तिथं बायकांना जायला जागाच नव्हती. "प्यायलं की जावं लागतं, अन् जायचं कुठं?" म्हणायची. घरी आली की तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची आणि मी चालवून घ्यायचो.

साठी उलटली, दात गेले, तसा मीही बदललो. पाचक रस कमी झाला. पूर्वीसारखं ताणता येईना, चार घासांतच भरल्यासारखं वाटे. माझ्या खालचं आतडंही सुस्तावलं. त्यात म्हातारपणी तहानच लागत नाही, म्हणजे घरचं पाणीही आटलं. मग शौचाला होईना आणि मी जड राहू लागलो.

मालनबाईनं अर्थ लावला, "अन्न पचत नाय." तिनं खाणं तोडलं. मुलगा धोंडीराम म्हणाला, "आये, वय झालं तुझं. पोटाला आराम दे."

मला आराम नको होता हो! मऊ आणि थोडं थोडं काम हवं होतं. पण मला विचारतो कोण? डाळीनं गॅस होतो म्हणून डाळ बंद, चावत नाही म्हणून भाजी बंद. उरली चहात बुडवलेली खारी आणि मऊ भात. वर एकादशी-चतुर्थीच्या जोडीला सोमवारही धरला. जन्मभर लोकांना मेथी विकणाऱ्या बाईच्या ताटात मेथीचं पान नव्हतं, याचं मला फार वाईट वाटायचं.

सिंहस्थ होऊन वर्ष झालं असेल. कासारीण बांगड्या भरायला दारात आली आणि मालनबाईचं मनगट धरून हसत म्हणाली, "मालनबाई, तुला तर नातीचं माप लागतंय की गं!" सगळे हसले. सून छाया तेवढी हसली नाही. पुढच्याच आठवड्यात बाजारात टोपली उचलताना मालनबाईला चक्कर आली आणि ती जुड्यांवरच पडली.

"बस झाला बाजार," धोंडीराम म्हणाला. बाजार सुटणार म्हटल्यावर तिनं भिंतीकडं तोंड केलं. त्या संध्याकाळी मला खारीसुद्धा मिळाली नाही.

छायानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला दाबून बघितलं, खाण्यापिण्याचं विचारलं. म्हणाले, "आजी, भूक कमी झाली तरी शरीराची गरज तेवढी कमी होत नाही. थोडं खा, पण कसाचं खा. आणि तहानेची वाट बघू नका, पाणी पीत जा."

"पाणी पिऊन बाजारात जाऊ कुठं?"

"आत्याबाई," छाया म्हणाली, "घाटाकडं बायकांची सोय झालीय की. सिंहस्थापासून हाय."

"मला कुठं म्हाईत? मी पाणीच पीत नाय, तर बघू कशाला?"

त्या दिवसापासून मला मुगाच्या वरणात बारीक चिरलेली मेथी मिळू लागली, ताकात कुस्करलेली भाकरी मिळू लागली, तीही थोडी थोडी, दिवसातून चार वेळा. सोमवार सोडताना मालनबाईनं हात जोडले, "महादेवा, समजून घे." महादेवानं घेतलं असावं. हळूहळू आतडं हललं, दंड भरले. धोंडीरामची एकच अट होती, आधी टोपली उचलून दाखव. दिवाळीनंतर तिनं दाखवली.

मी काही पुन्हा तरुण झालेलो नाही, होणारही नाही. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस 'भूक नाही' म्हणालं, तर लगेच ताट उचलू नका. त्यात काय वाढलं होतं ते आधी बघा.

पुन्हा बाजारात बसली त्या पहिल्या दिवशी बोहनी झाली. मालनबाईनं पैसे कपाळाला लावले आणि ती सगळ्यांदेखत बाटलीतून पोटभर पाणी प्यायली. थोड्या वेळानं ती उठली आणि शेजारच्या साळूबाईला जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "माझ्या जुड्यांकडं बघ गं जरा. मी जाऊन येते."