चौकटीवरचा पाऊण इंच

एलिसेओला घरात ठेवून घ्यायचं श्रीरंगने मला न विचारता कबूल केलं. नंतर आठवडाभर तो माझ्याशी फार गोड बोलत होता, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी शिजतंय.

शिकागोच्या पश्चिमेला तीन तासांवर आमचं गाव. श्रीरंग तिथल्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचा आणि त्या वर्षी, म्हणजे १९८६ साली, गावच्या बेसबॉल टीमसाठी आकडेमोडही करायला लागला होता. ही टीम म्हणजे एका मोठ्या क्लबची खालची पायरी. त्या क्लबची खरी टीम वर मोठ्या शहरात सलग तिसऱ्या वर्षी तळाला होती. त्यामुळे खाली आमच्याकडे वीस-बावीस वर्षांची पोरं ठेवायची आणि त्यातलं कोण वर चढतंय त्याकडे डोळे लावून बसायचं. पोरांना पगार जेमतेम, म्हणून गावातली कुटुंबं एकेकाला खोली द्यायची. आमची वरची खोली रिकामी होती.

"घरात तीन वर्षांची मुलगी आहे," मी म्हटलं, "आणि तू अनोळखी पुरुष आणून ठेवतोयस."

"पुरुष कसला, शॉर्टस्टॉप आहे," श्रीरंग म्हणाला. "दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो बिचारा. डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलाय. त्याला इंग्लिश येत नाही, दीपाला धड मराठी येत नाही. जमेल दोघांचं."

पहिले पंधरा दिवस मी दीपाचा पलंग आमच्या खोलीत आणला आणि रात्री आतून कडी लावली. दिवसा लक्ष ठेवलं. तो न सांगता दाराशी बूट काढायचा. स्वतःचं ताट विसळायचा. त्याच्या घरीही रोज भात आणि घेवड्यासारखी उसळ, त्यामुळे माझ्या राजमा-भाताला बसला की तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा आणि कारल्याला हात लावायचा नाही. दीपा त्याला एलीकाका म्हणायची, आणि तो मला सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब. कडी मी काढली, पण एक कान उघडा ठेवूनच झोपायचे. माझा स्वभावच तसा. गॅस बंद केला की नाही, हे बघायला मी जिन्यावरून परत खाली येणारी बाई.

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मी दीपाची उंची पेन्सिलीने मांडत असे. एलिसेओ आला त्याच दिवशी तिने त्यालाही तिथे उभं केलं. मी स्टुलावर चढले, त्याच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, १२ एप्रिल. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिने पुन्हा हट्ट केला. या वेळी पट्टी आधीच्या रेघेच्या वर आली.

मला वाटलं, माझंच चुकलं. त्याला मोजे काढायला लावले, टाचा चौकटीला टेकवायला सांगितल्या, पुन्हा मोजलं. तेवढंच. पाऊण इंच.

मग आठवलं की आठच दिवसांपूर्वी मी त्याच्या पँटची खालची दुमड उसवून लांबी वाढवून दिली होती. ड्रायरमधे आटली असेल, असं तेव्हा मी म्हटलं होतं. क्लबच्या कागदांप्रमाणे एलिसेओ एकवीस वर्षांचा होता.

हे मी श्रीरंगला सांगितलं नाही. कारण त्याच आठवड्यात तो जेवताना रोज वयाबद्दलच बोलत होता.

"ड्राफ्ट सोमवारी आहे," तो म्हणाला होता. "वरचा क्लब तळाला, म्हणजे कॉलेजातली आणि शाळेतली नवी पोरं निवडायला पहिल्या नंबरांत पाळी. तेवढीच आशा आहे त्यांना. पण नवी येणार म्हणजे जुन्यांना जागा सोडायला लागणार. आमच्या टीममधून चौघं घरी."

"आणि हे चौघं कोण ते तू ठरवणार?"

"मी नाही गं. हॅलोरन ठरवणार. मी फक्त तक्ता देणार." हॅलोरन म्हणजे क्लबच्या सगळ्या खालच्या टीम सांभाळणारा माणूस. "माझं म्हणणं सोपं आहे. नुसती बॅटिंग बघू नका, वय बघा. शंभर वेळा उभा राहून तेवीस हिट मारणारा एकवीस वर्षांचा असेल तर त्याचं पुढे काही नाही. तोच एकोणीसचा असेल तर मी म्हणेन, थांबा."

"एलिसेओ?"

श्रीरंगने आमटीत भात कालवला. "तेवीस," तो म्हणाला. "आणि एकवीस. वाईट वाटतं मला. पण आपल्या घरात राहतो म्हणून आकडा बदलू का?"

वर एलिसेओच्या खोलीत रेडिओ लागला होता. घरी पाठवलं तर तो कुठे जाणार होता, ते मला ठाऊक होतं. साखर कारखान्यात, मामाच्या हाताखाली. आईला महिन्याला पैसे पाठवायचा तो. पाकिटावर पत्ता नीट इंग्रजीत घालायचं काम माझं होतं.

शनिवारी टपालात माझ्या नावाचं कार्ड आलं. बँकेकडून, वाढदिवसाच्या शुभेच्छा. दीपाने ते उघडून फुगे बघितले आणि विचारलं, "आई, इज इट युअर बर्थडे?"

"नाही गं. उद्याची तारीख आहे ती, पण खोटी."

"व्हाय?"

आता तीन वर्षांच्या मुलीला काय सांगणार. माझा जन्म नोव्हेंबरचा, अठ्ठावन्नचा. धाकट्या भावाच्या वेळी आई अंथरुणाला खिळली होती आणि घरात मला सांभाळायला कोणी नव्हतं. बाबांनी साडेचार वर्षांच्या मला पहिलीत नेऊन बसवलं. हेडमास्तर ओळखीचे. त्यांनी सहा पूर्ण दाखवायला १ जून १९५७ लिहून टाकलं. आमच्या वर्गात अकरा जणांचा वाढदिवस एक जूनला होता आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पुढे मॅट्रिक, डिग्री, पासपोर्ट, सगळ्यावर तीच तारीख. ग्रीन कार्डाच्या वेळी जन्मदाखला मिळेना, तेव्हा बाबांनी स्टँपपेपरवर शपथेवर तेच लिहून पाठवलं. आमचा अर्ज अजून इमिग्रेशनकडे होता. शिकागोजवळ शॉमबर्गला राहणाऱ्या ओळखीच्या शरयूकाकूंनी फोनवर मला कोणाची तरी हकिकत सांगितली होती, तारखा जुळल्या नाहीत म्हणून मुलाखतीतूनच परत पाठवलेल्याची. तेव्हापासून टपालपेटी उघडली की मी आधी इमिग्रेशनचं पाकीट आहे का ते बघायचे.

एलिसेओ टेबलाशी केळं सोलत होता. "टुडे, बर्थडे?" त्याने विचारलं.

"पेपर बर्थडे," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. मी हाताने दाखवलं, शाळा, लहान मुलगी, कागदावर लिहिणारा माणूस. खरी मी लहान, कागदावर मोठी.

तो हसला. मग हसायचा थांबला आणि दाराकडे बघून घेतलं. श्रीरंग बाहेर गवत कापत होता. एलिसेओने दोन बोटं वर केली.

"मी, टू," तो म्हणाला. "पेपर. टू इयर्स. कारखान्यात काम पाहिजे, तर सोळा पाहिजे. मी चौदा. मामा म्हणाला, आता तू सोळा." असं मोडक्या इंग्रजीत, अर्धं हातांनी. मग ओठांवर बोट ठेवलं. "प्लीज, सेन्योरा."

दीपाने लगेच स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

मला त्या रात्री झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको. एकोणीस असेल तर थांबा, असं श्रीरंगचंच म्हणणं. म्हणजे एक वाक्य बोललं की एलिसेओ राहिला. पण त्याचा व्हिसा त्या कागदावर, क्लबचा करार त्या कागदावर. कागद खोटा म्हटल्यावर त्याला परत पाठवायला वेगळं कारण कशाला लागतं? आणि मी कोण खरं सांगणारी. उद्या कोणी मला विचारलं की बाई, तुम्हाला हे इतकं कसं कळलं, तर? शेजारी श्रीरंग घोरत होता. त्याला सांगावं तर तो आकड्यांत खोटं चालवून घेणारा नव्हता. लगेच तक्ता दुरुस्त करून कारणासकट टाइप करून दिला असता त्याने.

रविवारी सकाळी हॅलोरन आला. श्रीरंगचा कॉम्प्युटर घरी होता, म्हणून बैठक आमच्या जेवणाच्या टेबलावर. साठीचा, उन्हाने रापलेला माणूस. टोपी काढून हातात धरून आत आला. मी पोहे केले होते. त्याने नाव विचारलं, खाल्ले, आणखी मागितले. एलिसेओ सकाळीच प्रॅक्टिसला गेला होता. जाताना त्याने बूट चकाकेपर्यंत पुसले होते.

कागद पुढे सरकत होते. मी ओट्याशी उभी राहून एकच बरणी पुन्हा पुन्हा पुसत होते. तीन नावं झाली.

"चौथा तुमचाच पाहुणा," हॅलोरन म्हणाला. "हात चांगले आहेत त्याचे. सुंदर हात आहेत. पण बॅटमधे जोर नाही आणि वय निघून चाललंय. बरोबर, प्रोफेसर?"

"आकडे तसंच सांगतात," श्रीरंग म्हणाला. मान खाली घालूनच.

मी कॉफीची किटली उचलली. "मिस्टर हॅलोरन," मी म्हटलं, "आणखी कॉफी घ्यायला कप इकडे आणता का? किटली जड आहे." किटली काही जड नव्हती. श्रीरंगने माझ्याकडे बघितलं.

तो कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. चौकट त्याच्या खांद्याशी होती.

"मुलीची उंची?" त्याने विचारलं. "आमच्या घरीही होती अशी चौकट. घर विकलं तेव्हा बायको रडली."

"खालच्या रेघा मुलीच्या," मी म्हटलं. "वरच्या दोन एलिसेओच्या."

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. तारखा वाचल्या. मग अंगठा आडवा करून दोन रेघांच्या मधे ठेवला, आणि तो तिथे नीट बसला.

"सहा आठवड्यांत," तो म्हणाला.

"मी दोनदा मोजलं. मोजे काढून."

"पाऊण इंच." तो वळला. "मॅडम, तुमच्या मते वय काय असेल त्याचं?"

माझ्या हातातली किटली आता खरंच जड झाली. दीपा टेबलाखाली बसली होती आणि तिचं बोट ओठांवर होतं. मी देवाला एवढंच म्हटलं, हिला आता इंग्लिश बोलायला लावू नकोस.

"वय तुमच्या कागदावर आहे," मी म्हटलं. "मी फक्त उंची मोजते. आणि पँटची लांबी वाढवून देते. एप्रिलपासून दोन पँट झाल्या."

हॅलोरनने दोन्ही तारखा पुन्हा एकदा वाचल्या. कॉफी त्याने उभ्यानेच संपवली.

"तीस वर्षं मी पोरं बघतोय," तो टेबलाकडे जात म्हणाला. "एकवीस वर्षांचं पोर रुंद होतं. उंच होत नाही." त्याने पेन काढलं आणि चौथ्या नावावर काट मारायच्या ऐवजी पुढे काहीतरी लिहिलं. "दोन पायऱ्या खाली पाठवतो. नव्या पोरांची लीग पंधरा दिवसांत सुरू होतेय, डोंगरांकडे. तिथे ड्राफ्टमधल्या अठरा-एकोणीसच्या पोरांबरोबर खेळू दे. उन्हाळाभर बघू."

"पण कागदावर एकवीस आहे," श्रीरंग म्हणाला.

"कागदावर एकवीसच राहू दे," हॅलोरन म्हणाला. टोपी घातली. मग दारातून मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "ऑफिसातलं कोणी कधी जन्मतारीख विचारायला त्याच्या शाळेला पत्र लिहीलही. मी लिहायला सांगणार नाही. पण लिहूच नका असंही सांगता येत नाही मला."

गाडी गेल्यावर श्रीरंग चौकटीजवळ जाऊन उभा राहिला. स्वतःचा अंगठा लावून बघितला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"उंची माहीत होती."

"सुमेधा."

"आज तारीख काय आहे?" मी विचारलं.

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. एक जून. मग बँकेचं कार्ड बघितलं, ते फ्रिजवर दीपाने लावलं होतं. खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "माझा तक्ताच चुकीचा होता म्हणजे," तो म्हणाला. त्याला त्याचं जास्त वाईट वाटलं असावं.

एलिसेओ मंगळवारच्या बसने निघाला. खाली पाठवतायत म्हणून आधी त्याचा चेहरा उतरला होता. मग घरी नाही, एवढं कळल्यावर त्याने पिशवी भरताना शीळ घातली. निघण्याआधी स्वयंपाकघरात आला.

"यू टेल?" त्याने हळू विचारलं.

"नो. ओन्ली हाइट."

तो चौकटीकडे बघत राहिला. "सेम थिंग, सेन्योरा," तो म्हणाला. रागाने नाही. पण हसूनही नाही.

मी त्याला राजम्याचा डबा दिला आणि तिसरी पँट दिली, तिचीही लांबी मी आदल्या दिवशी वाढवली होती. या वेळी आतली सगळी दुमड सोडावी लागली. पुढच्या वेळेला कापड उरलं नव्हतं, ते मी त्याला पँट उलटी करून दाखवलं. त्याने मान हलवली.

बस गेल्यावर परत येताना मी टपालपेटी उघडली. आत किराणा दुकानाची जाहिरात होती आणि विजेचं बिल. मी हात आत घालून अगदी मागपर्यंत चाचपून बघितलं.