सव्विसावं नाव

कल्पना कर, तुझ्या घरात लग्न आहे. सख्ख्या बहिणीचं. तुझ्या हातात वहीचा एक कोरा कागद दिलाय आणि सांगितलंय, फक्त पंचवीस नावं लिही, वर एकही नको. लिही बरं. नवरा-नवरी त्यातच धरायची हं. गुरुजी लिहिलेस? फोटोवाला? नवऱ्याकडची बारा माणसं तर येणारच. मग आजोबा, मामा, काका, काकू... बघ, भरला की कागद! आणि एवढ्यात दारात आणखी एक पाहुणा येऊन उभा राहिला. त्याला परत पाठवता येत नाही. म्हणजे एक नाव खोडायला हवं. कुणाचं खोडशील?

नाशिकच्या सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वेदिकाच्या घरी हा प्रश्न खरोखर आला होता. आणि खोडलं गेलं ते वेदिकाचंच नाव.

करोनाची दुसरी लाट होती तेव्हा. लग्न करायचं तर पंचवीस माणसांत आणि दोन तासांत, असा सरकारचा नियम. वेदिका दहा वर्षांची, आणि ती होती करवली. करवली म्हणजे नवरीच्या पाठीशी पाण्याचा करा घेऊन उभी राहणारी धाकटी बहीण. नवरीच्या सगळ्यांत जवळ तीच. नवरीचा पदर घसरला तर तिनं सावरायचा, नवरीला घाम आला तर तिनं टिपायचा. हर्षालीताई तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. लहानपणापासून वेदिकाच्या वेण्या घालायच्या त्या ताईनं, अभ्यास घ्यायचा तो ताईनं, आणि रुसली तर समजूत काढायची तीही ताईनंच. त्यामुळे ताईच्या मागे उभं राहायचं म्हणून वेदिका जांभळा परकर-पोलका घालून, तो तांब्याचा करा मांडीवर धरूनच हॉलपर्यंत आली होती.

हॉलच्या फाटकाशी नवरदेवाच्या गावची, नामपूरची गाडी थांबली आणि तिच्यातून नवरदेवाचे कारभारीमामा उतरले. ते आजारी आहेत, येणार नाहीत, असा निरोप होता. पण भाच्याच्या लग्नात मामा पाठीशी उभा राहतो. त्यांना कोण म्हणणार, परत जा?

पप्पा वेदिकासमोर उकिडवे बसले. "वेदू, सगळं उघडलं ना, की मोठ्ठं रिसेप्शन करू. पाचशे माणसं बोलवू. तेव्हा करवली तूच. शब्द आहे माझा."

नवऱ्याच्या बहिणीनं तिच्या हातातला करा घेतला. वेदिकाच्या मामाच्या मुलानं, राजदादानं, तिला स्कूटरवर घरी सोडलं आणि तो तसाच मागे फिरला.

शेजारच्या वत्सलाआजींनी पुस्तकांच्या थप्पीला टेकवून मोबाईल उभा केला. वेदिकाच्या मुठीत अक्षता दिल्या. मंगलाष्टकं सुरू झाली, पण तिकडे फोन धरलेल्या राजदादाचा हात अवघडला असावा, कारण ऐन मुहूर्ताला पडद्यावर दिसत होता तो हॉलचा फिरता पंखा. वेदिकानं त्या पंख्यावर अक्षता टाकल्या. पुढे आठ दिवस वत्सलाआजींच्या सोफ्यातून तांदूळ निघत होते.

आई-पप्पा घरी परतले तेव्हा ताई नव्हती. ती हॉलवरूनच नामपूरला गेली होती. कुणी कुणाच्या गळ्यात पडायचं नाही, हाही त्या दिवसांतला नियमच.

त्यानंतर वेदिका रोज पेपर वाचू लागली. दुकानं चारपर्यंत उघडली. मग आठपर्यंत. हॉलमध्ये पन्नास माणसं चालतील, मग शंभर, मग दोनशे. प्रत्येक बातमीला ती पप्पांकडे बघायची आणि पप्पा म्हणायचे, "थांब जरा, पूर्ण उघडू दे." दिवाळीला ताई आली, पण दोनच दिवस, दाजींबरोबर. घर पाहुण्यांनी भरलेलं. ताई एकटी अशी सापडलीच नाही. रात्री वेदिका पलंगावर तिची जागा सोडून भिंतीकडे सरकून झोपायची, ती सवय मात्र काही गेली नाही.

गुढीपाडव्याला सगळेच निर्बंध उठले. माणसं जराशी बावचळल्यासारखी झाली होती. शाळेत बाईंचं पूर्ण तोंड पहिल्यांदा दिसलं, तर मुलं बाई नवीन आल्यासारखी बघत बसली. वत्सलाआजी मास्क सोडायला तयार नव्हत्या, पण तो हनुवटीला अडकवून जिन्यात तासभर गप्पा मारायच्या. आणि लग्नपत्रिका! टीव्हीजवळ गठ्ठा झाला होता.

वेदिका पप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "पप्पा, आता?"

"काय आता?"

"रिसेप्शन."

पप्पांनी आईकडे पाहिलं. मग हसायचा प्रयत्न केला. "अगं वेडे, लग्नाला वर्ष होत आलं. आता रिसेप्शन केलं तर लोक हसतील."

"शब्द दिला होता तुम्ही."

पप्पा पत्रिकांचा गठ्ठा उगाच सारखा करू लागले. दिलेला शब्द मोडताना मोठ्यांनाही वाईट वाटतं, पण ते कसं सांगायचं हे त्यांना बहुधा ठाऊक नसतं.

मार्ग काढला आत्यानं. तिच्या मुलीचं लग्न मे महिन्यात, बारा तारखेला होतं. "माझ्या पोरीला कुठं बहीण आहे?" आत्या म्हणाली. "वेदू करवली! सातशे पत्रिका वाटल्यात मी. फेटेवाली करवली करते बघ तुला." आणि वेदिकानं लगेच कॅलेंडरवर बारा तारखेला लाल गोल केला.

त्याच सुमारास आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. नामपूरकडे, बागलाणात, आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातातच. ताई आली, एकटी, चांगली सहा दिवसांसाठी. सकाळी गच्चीवर वेदिकाच्या केसांना तेल लावताना ताईनं सगळं ऐकून घेतलं. फेटा, बांगड्या, सातशे माणसं.

"मग मला विसरलीस म्हण की," ताई म्हणाली.

"तूच विसरलीस. माझ्याशिवाय लग्न लावून घेतलंस."

केसांतली बोटं थांबली. "वेदू, मंगळसूत्र घालताना माझा पदर निसटला होता. मी मागे न बघताच म्हणाले, वेदू, पिन लाव गं. मागे नणंदबाई. त्या हसल्या. मला मात्र रडू आलं. सगळ्यांना वाटलं, नवरी आहे, रडणारच."

ताई पुन्हा तेल चोळू लागली.

"आणि खरं सांगू? करवली नव्हती ते एक वेळ चाललं. पाठराखीण नव्हती ते फार जड गेलं."

"म्हणजे कोण?"

"नवरी पहिल्यांदा सासरी जाते ना, तिच्यासोबत माहेरचं एक माणूस जातं. चार दिवस राहतं. नव्या घरात नवरीला लाज वाटते, मग तिच्या वतीनं तेच विचारतं, न्हाणीघर कुठं, पाणी कुठं. तूच येणार होतीस. पण तेव्हा जिल्ह्यात फिरायलाही पास लागायचा. मी गाडीतून उतरले तर दारात सगळे मास्क लावलेले. कोण सासू, कोण काकू, काही कळेना. एक जण प्रेमानं म्हणाली, 'तुले काय जोयजे, माय?' मला सकाळपासून तहान लागलेली. पण तोंडातून निघालं, काही नको. त्याच माझ्या सासूबाई, साळूबाई. त्यांचं तोंड मी तिसऱ्या दिवशी पाहिलं."

"मग? वाईट आहेत त्या?"

"छे गं! लय जीव लावतात." ताई हसली आणि जीभ चावली. "बघ, तिकडचं बोलायला लागले. माणसं चांगली आहेत, वेदू. पण वर्ष झालं, माझं ते घर तुमच्यातल्या कुणी पाहिलंच नाही. पप्पा एकदा आले, तर अंगणात लांब खुर्ची टाकून चहा पिऊन गेले. मी चूल कुठं मांडते, झोपते कुठं, खिडकीतून काय दिसतं... कुणालाच माहीत नाही. कधीकधी वाटतं, मी तिथं पोचलेच नाहीये. अजून रस्त्यातच आहे."

वेदिकाला वाटत आलं होतं की त्या दिवशी जे हरवलं ते तिचं एकटीचं.

नऊ तारखेला गोरक्षदाजी ताईला न्यायला आले. आई म्हणाली, "बारापर्यंत राहू द्या ना, घरातलंच लग्न आहे." पण गावी कांदा साठवायच्या चाळीत उन्हाळ कांदा भरायचा होता आणि माणसं मिळत नव्हती. दाजी कानकोंडे होऊन पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले.

त्याच वेळी आत्या बांगड्या घेऊन आली. "वेदू, हात कर पुढं. माप बघू दे."

हिरव्या बांगड्या, मध्ये सोनेरी पाटल्या. वेदिकानं त्या हातात घेतल्या. फिरवून पाहिल्या. एक घालूनही पाहिली, बरोब्बर बसली. मग ती काढून तिनं आत्याच्या हातात ठेवली.

"आत्या, तुझ्याकडे सातशे माणसं आहेत. त्यात एखादी करवली मिळेल."

"आणि तू गं?"

"मी नामपूरला चाललेय. ताईची पाठराखीण म्हणून."

आत्या पोट धरून हसली. "अगं, लग्नाला वर्ष झालं! आता कसली पाठराखीण? लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत," पप्पा म्हणाले. इतका वेळ ते दाराशी उभे होते. "शाळेला सुट्टीच आहे. जाऊ दे तिला, अक्का."

आईनं कपाटातून दोन फ्रॉक काढून पिशवीत भरले. ताई खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली, पाठ सगळ्यांकडे करून.

एसटीचा संप नुकताच मिटला होता आणि स्टँडवर तोबा गर्दी. सटाण्याची गाडी लागली तशी वेदिका कोपरं मारत सगळ्यांच्या आधी आत घुसली. खिडकीजवळची जागा तिनं ताईसाठी धरली. मागून बॅगा घेऊन दाजी आले आणि ताईशेजारी टेकायला लागले, तर तिनं त्यांचा हात धरून थांबवलं.

"दाजी, तुम्ही मागे बसा. इथं मी बसणार."

दाजी निमूटपणे मागे गेले. गाडी सुरू झाली. वेदिका ताईला चिकटून बसली आणि विचारू लागली, "आता सांग. तुझ्या घरात शिरलं की डाव्या हाताला काय आहे?"