कुलपामागचं गवत

मला कुणी खाल्लं नाही, म्हणून माझी ही गत झाली. उपटणाऱ्यांना मी माफ केलं, जाळणाऱ्यांनाही केलं. पण तुम्ही मला जपून जपून वाया घालवलंत, ते कसं विसरू?

मी बोलतोय तो मारवेल गवताचा एक ठोंब. औरंगाबादपासून सात कोसांवरच्या गायरानात, फाटकाच्या डाव्या हाताला माझा मुक्काम. पाय नसल्यामुळे इथल्या सगळ्या सभा मला शेवटपर्यंत ऐकाव्या लागतात.

निजामाच्या काळात हे घोड्यांचं कुरण होतं. शफीक गुराख्याचे आजोबा तेव्हा इथं गवत कापायचे. भादव्यात फुलोरा दिसू लागला की विळा लावायचे, बुडाशी चार बोटं ठेवून. ती चार बोटं माझी, बाकीचं घोड्यांचं. त्या चार बोटांतून मी पुन्हा फुटायचो.

पोलीस ॲक्शन झाली, घोडे गेले आणि कुरण सगळ्यांचं झालं. म्हणजे सगळ्यांनी खाल्लं, राखलं कुणीच नाही. तीस वर्षं गुरांनी माझी चार बोटंसुद्धा सोडली नाहीत.

मग गावात कुरण समिती निघाली. अध्यक्ष तात्यासाहेब. त्यांची शेती गावात, बंगला गारखेड्यात आणि मन कायम व्यासपीठावर. मृग लागताच त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. “चराई बंद! गवताला विसावा!”

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. पाऊस पडत राहिला आणि कुणाचा दात न लागता मी वाढलो. मुळं खोल गेली, पानं लुसलुशीत झाली. पोळ्याला मी माणसाच्या कमरेला लागत होतो.

त्याच श्रावणात सारजाबाईची गाय व्याली. खाली वासरू, घरात दुधाची वाट बघणारी दोन नातवंडं. गाय रोज बाहेरून फाटकाच्या फटीत जीभ घालायची. तिची जीभ आणि माझी पानं यांत वीतभर अंतर राहायचं.

“तात्यासाहेब, उघडा की आता. गाय आटंल माझी.”

“सारजाबाई, उद्घाटन व्हायचंय. सतरा सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. मोठे साहेब येऊन फीत कापणार.”

“गुरांनी चरायला फीत कशाला लागती? मुंज हाय व्हय गवताची?”

“नियम सगळ्यांना सारखा.”

“मग एक पेंढी तरी कापू द्या.”

“फोटोत कापलेलं दिसेल.”

शफीकनं माझा एक तुरा खुडून त्यांच्यापुढं धरला. “तात्यासाब, फूल आ गया. आता कापायला पायजे. घास तारीख देखके नहीं बढती.”

“तज्ज्ञांनी विसावा द्या म्हणून सांगितलंय, शफीक.”

“आराम बोले थे, साब. कबर नहीं बोले.”

तात्यासाहेब हसले आणि किल्ली खिशात टाकून गारखेड्याला गेले.

सतरा सप्टेंबरला मांडव पडला, साहेब आले नाहीत. ते म्हणे क्रांती चौकातल्या मिरवणुकीत अडकले. दोन ऑक्टोबरला ते कुठंतरी उपोषणाला बसले. दसऱ्याला मुहूर्त होता, पण साहेबांना जीप नव्हती. तारीख पुढं सरकायची आणि इकडं मी म्हातारा होत जायचो. माझी गोडी बियांत गेली, बिया मातीत गेल्या. पानं पिवळी पडली, काड्या खराट्यासारख्या झाल्या. बुडाशी नवे कोंब डोकं वर काढू बघत होते. त्यांच्यावर माझंच वाळकं ओझं पडलं.

कोजागिरीच्या आत सारजाबाईची गाय आटली. शफीकची बायको गुलशन आपल्या शेळीचं दूध त्या वासराला पाजायची. नातवंडं कोरा चहा प्यायला शिकली.

अखेर दिवाळीनंतर साहेब उगवले. फीत कापली. माझ्याकडं बोट दाखवून ते तासभर ‘हिरवं सोनं’ म्हणत राहिले. मी तेव्हा पिवळाधमक होतो, पण भाषण आधीच लिहून आणलेलं असावं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानंही खाली वाकून मला हात लावून पाहिला नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. मला विसावा द्या, पण वेळेवर उठवाही. फुलोरा दिसला की विळा आणा, साहेब नको. चार बोटं माझ्यापाशी ठेवा आणि बाकीचा घेऊन जा. खाल्लं गेलो तरच मी पुन्हा हिरवा होतो. तुमच्या कुलपापेक्षा गायीच्या दातावर माझा जास्त भरवसा आहे.

तर, भाषण संपल्यावर पहिल्या चराईचा मान सारजाबाईच्या गायीला दिला. तिच्या गळ्यात झेंडूचा भलामोठा हार घातला आणि तिला माझ्यासमोर उभं केलं. तात्यासाहेब एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला. गायीनं मला हुंगलं. तोंडभर घास घेतला, दोनदा चावला आणि खाली टाकून दिला.

“खा गं माय,” सारजाबाई हळूच म्हणाली. “लई दिस मागत व्हतीस ना?”

गायीनं मान वळवली, गळ्यातला हार तोंडात धरला आणि खायला लागली.

औरंगपुऱ्यातून आणलेल्या फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. “तात्यासाहेब,” तो म्हणाला, “हार खातानाचा आलाय. चालंल का?”