रंगाचा हात

सकाळपासून तीन खिडक्या सोडवता सोडवता सुतारमामांचा खांदा भरून आला होता. कुणीतरी वर्षानुवर्षं खिडक्या बंद ठेवूनच त्यांवर रंगाचा हात मारला होता, त्यामुळे झडपा चौकटीला घट्ट चिकटल्या होत्या. मामा फटीतून पटाशी फिरवत होते आणि तोंडाने रंगाऱ्याचा उद्धार करत होते.

"कोणत्या गाढवाने रंगवल्यात हो या? उघडून रंगवायच्या, एवढीही अक्कल नसावी?"

असं काही निघालं, की घरच्या आजी घाईघाईने चहाचं विचारत.

चौथी खिडकी आतल्या खोलीत होती. तिथे आजोबा पलंगावर पडून होते. वर्षभर त्यांचं अंथरूण सुटलं नव्हतं. झोपलेत असं समजून मामा कामाला लागले. हिच्यावर तर रंगाचे दहा थर होते.

"इथे तर गाढवाने कहरच केलाय," ते पुटपुटले.

तासाभराने झडप करकरत सुटली. मामा दमून उघड्या खिडकीतच टेकले.

"ओल्या रंगावर धूळ बसते," पलंगावरून आवाज आला. "म्हणून बंद ठेवून रंगवायचो. दर वर्षी, स्वतःच्या हाताने."

मामांना कुठे तोंड लपवू असं झालं. ते पटाशी उगाच पुसत राहिले. "मला काय माहीत, आजोबा."

"असू द्या. फक्त जरा बाजूला सरका," आजोबा म्हणाले. "गाढवाला वारा लागू द्या."