अठरा भोकांचं कार्ड

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. पैज लावतो. परवा तामलवाडीच्या एस.टी. थांब्यावर, लिंबाखाली, हेच सांगायला तोंड उघडलं तर मेंढरं सावलीला बसवून आलेला धुळाप्पा म्हणाला, "आबाराव, मागल्या टायमाला तुमी वाघाला बिडी पाजली हुती. आज काय?"

"आज भूत," मी म्हणालो. "आणि सरकारनं तपासलेलं भूत. मुंबईच्या पेटंट कचेरीचा परीक्षक साक्षीला होता."

"पेटंट म्हंजी?"

"एखादी युक्ती तुझ्याच डोक्यातनं पहिल्यांदा निघाली, असं सरकारनं पारखून दिलेलं सर्टिफिकेट. मग तुला विचारल्याबिगर ती कुणी वापरायची न्हाय."

"तुमच्या डोक्यातनं लई निघतंय. सरकारला कागद पुरला का?"

थांब्यावर तिसरं माणूस म्हणजे एक म्हातारी. कपाळापर्यंत पदर, मांडीवर गाठोडं, तुळजापूरच्या गाडीची वाट बघत बसलेली. चेहरा दिसत नव्हता, पण गावची वाटली नाही. परगावचा श्रोता म्हटल्यावर मला हुरूप येतो. जरा आवाज चढवूनच सांगितलं. सांगितलं तसंच इथं लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळात गावापासून कोसभरावर तळ्याचं काम निघालं होतं. सातशे माणसं माती वाहत होती, खडी फोडत होती. मी तिथं हजेरी कारकून, रोजंदारीवरचा. मजुरीचा थोडा भाग पैशानं आणि बाकी मिलो, म्हणजे बाहेरदेशातनं आलेली तांबडी ज्वारी. शनिवारी दुपारी पत्र्याच्या खोपटात मी बसायचो आणि एका वितीच्या खिडकीतनं वाटप चालायचं. कार्ड आत द्या, माप घ्या.

पण कार्ड कुणाचंही कुणीही आणायचं. मुकादमाची माणसं गरीब बायकांची कार्डं हिसकून घ्यायची आणि आपल्या बायकांना रांगेत धाडायची. वाऱ्याच्या धुळीनं सगळ्यांची तोंडं पदराखाली; ओळखायचं कसं? अंगठा घ्यावा तर खडी फोडून अंगठ्याच्या रेघाच झिजलेल्या. कागदावर उमटायचा तो नुसता शाईचा डाग.

एका शनिवारी खिडकीतनं एक डावा हात आत आला. त्यावर गोंदण होतं, अठरा ठिपक्यांचं तुळशीवृंदावन. हात होता गौराबाईचा. नवरा सोलापूरला काम बघतो म्हणून गेला तो तिकडचाच झाला. घरी दोन लेकरं आणि एक विधवा धाकटी बहीण. बहिणीचं नाव हजेरीपटावर नव्हतं, कारण नवी नावं घेणं बंद झालं होतं. चौघं त्या एका हातावर जगत होती.

मी त्या ठिपक्यांकडं बघतच राहिलो. अंगठा झिजतो, गोंदण झिजत नाही. आणि गोंदणारणीचा हात प्रत्येक वेळी जरासा हलतोच, म्हणून दोन बायकांची तुळस एकसारखी नसते. तेल लावलेला पातळ कागद तिच्या हातावर ठेवून मी ठिपके उतरवून घेतले. तो कागद कार्डावर ठेवला आणि पोती शिवायच्या दाभणानं अठरा भोकं पाडली. आता कार्ड हातावर ठेवायचं. अठराच्या अठरा भोकांतनं ठिपके दिसले तर बाई खरी. एकही चुकला तर चालती हो.

"आन बाप्यांचं काय? त्यांना कुठं गोंदण?" धुळाप्पानं विचारलं.

"बाप्यांची कार्डं कुणी हिसकत नव्हतं."

"हां. ह्ये पटलं."

महिन्याभरात दोनशे बायकांची कार्डं केली. हिसकाहिसकी थांबली. ही गोष्ट ढोकीकडच्या एका साखर कारखान्यातल्या साहेबाच्या कानावर गेली. तोडणीच्या टोळ्यांतल्या बायकांचंही तेच दुखणं होतं. साहेब म्हणाला, "आबाराव, याचं पेटंट आण. मग कार्ड आम्ही लावू आणि तुला कायम नोकरीवर घेऊ." कायम! मी तोवर अकरा ठिकाणी रोजंदारी केली होती. त्या एका शब्दासाठी मी तेल लावलेल्या कागदावरच अर्ज लिहायला बसलो असतो.

मुंबईहून परीक्षकाचं पत्र आलं. सिद्धलिंग हत्तुरे त्यांचं नाव. तीन हरकती. पहिली, भोकं पाडलेली कार्डं परदेशात कापडाच्या मागावर कधीपासून वापरतात. मी उत्तर दिलं, त्यांच्या कार्डाखाली सूत असतं, माझ्या कार्डाखाली हात आहे. दुसरी, गोंदण फार जुनं आहे. मी लिहिलं, गोंदण जुनं, भोक जुनं, पण एकावर एक ठेवणं माझं. तिसरी हरकत मात्र मोठी होती. एकीचं कार्ड दुसरीच्या हातावर कधीच बसणार नाही, हे दाखवून द्या. मी लिहिलं, येऊन बघा.

हत्तुरेसाहेब येण्याच्या दोन महिने आधीची गोष्ट. बुधवारी गौराबाई पाण्यासाठी आटलेल्या विहिरीत उतरली आणि दरड तिच्या अंगावर आली. बाहेर काढली तोवर संपली होती. नवरा जिवंत, म्हणून सवाष्ण. हळदीकुंकवानं मळवट भरून तिला नेली. चितेला लाकूड कमी पडलं तर कामावरच्या कुदळ-फावड्यांची मोडकी दांडकी घातली. तिचं कार्ड मी खोपटातल्या पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. आता तिचं नाव कापायचं होतं. तसा कागद मी लिहिलाही.

"मग धाडला का?"

"वाऱ्यानं उडाला."

"वाऱ्याला बी बरं कळतंय," धुळाप्पा म्हणाला.

शनिवार आला. असलं ऊन की पत्रा टक् टक् वाजत होता. वाटप झालं, रांग संपली. तिकडं खडीच्या ढिगावर शेकडो हातोडे चालू होते, आणि एकदम थांबले. का थांबले ठाऊक नाही. तसली शांतता मी पुन्हा ऐकली नाही. आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं तशी.

खिडकीतनं एक हात आत आला.

डावा हात. मनगटात एकही बांगडी नाही. बरोबरच होतं, गौराबाईच्या बांगड्या दरडीखाली फुटल्या होत्या. हातात कार्ड. त्यावर नाव, गौराबाई. मी पेटीकडं बघितलं. कुलूप जसंच्या तसं.

"किल्ली कुणाकडं हुती?" धुळाप्पानं विचारलं.

"माझ्याकडं."

"दुसरी?"

"दुसरी नव्हतीच."

"मग कार्ड भाईर आलं कसं?"

"तेच तर सांगतोय की! भूत म्हणजे काय, कुलूप काढून आत जाणारं असतं का?"

मी कार्ड हातावर ठेवलं. माझ्या बोटाला चटका बसला. हात तापलेला होता, सुजलेला, चितेवरनं आत्ता उठल्यासारखा. हळदीचा वास आला, मळवटाची हळद. आणि भोकाभोकातनं ठिपके वर आले. पंधरा, सोळा, सतरा. अठरावा भोकाच्या कडेला अर्धा लपलेला, अर्ध्या डोळ्यानं बघावं तसा. पण होता.

मी माप भरलं. हातानं पिशवी उचलली आणि हात गेला. मी खिडकीतनं तोंड बाहेर काढून बघितलं. माणूस नाही, सावली नाही. धुळीत पावलाचा ठसा नाही. नुसती एक मिलोची ओळ, दाणा दाणा सांडत गौराबाईच्या घराच्या वाटेनं गेलेली.

इथं एक मेंढरू खाकरलं तर धुळाप्पासुद्धा दचकला. म्हातारीनं पदर आणखी पुढं ओढला. मला बरं वाटलं.

त्यानंतर दर शनिवारी रांग संपली की तो हात यायचा. ताप उतरला, सूज गेली, पण बांगडी कधी आली नाही आणि तोंड कधी दिसलं नाही. मी कधी बोललो नाही, हातही कधी बोलला नाही. एकदा मात्र मी विचारलं, "लेकरं बरी हायती?" हाताची मूठ झाली आणि उघडली. बस्स. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

"मुकादमाला सांगायचं की!"

"सांगितलं असतं तर नाव कापलं असतं. आणि भुताचं अन्न तोडणाऱ्याचं काय होतं, माहीत आहे ना?"

"काय हुतंय?"

"मला माहीत नाही. मी तोडलं नाही."

आठव्या शनिवारी हत्तुरेसाहेब आले. सोलापूरच्या गाडीनं, डोक्याला टोपी, काखेत चामड्याची बॅग. माझी पाचावर धारण बसली. साहेबासमोर तो हात आला तर कार्डानं मेलेल्या बाईला खरी म्हणून पास केलं असं होणार. पेटंट गेलं, कारखान्याची नोकरी गेली. न आला तर? एक शनिवार चुकला की नाव आपोआप रद्द, असा वरनं हुकूम होता. मग त्या घरात चूल पेटणार नाही. मी सकाळपासनं देवीला हात जोडत होतो, पण नेमकं मागायचं काय ते ठरत नव्हतं.

साहेबानं कसून तपासणी केली. मथुराबाईचं कार्ड बनाबाईच्या हातावर ठेवलं, बसलं नाही. बनाबाईचं सुमनबाईच्या हातावर, बसलं नाही. पन्नास कार्डांची अदलाबदल केली, एकही बसेना. साहेब खूश. "आबाराव, अजून एक तास असंच चाललं तर तुमचं काम झालं," म्हणाले. मी रांगेकडं बघत होतो. रांग संपली. बाहेरचे हातोडे थांबले.

हात आला.

साहेबानं कार्ड घेतलं, हातावर ठेवलं, मोजलं. मग नाव मोठ्यानं वाचलं, "गौराबाई!"

खोपटाबाहेर झाडाखाली टेकलेली एक बाई किंचाळली, "अगं, गौरा तर मेली!" एकच पळापळ. टोपल्या टाकून बाया पळाल्या, बापे त्यांच्या पुढं पळाले. खिडकीतला हात मात्र तिथंच. मागं गेला नाही. रिकामी पिशवी त्यानं घट्ट धरली होती.

साहेबानं कार्ड उजेडाला धरलं. भोकांच्या कडांना काळं लागलेलं होतं. बोटानं पुसलं, बोट काळं झालं.

"हे काय आहे?"

"चितेची राख, साहेब."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्या हाताकडं, त्या अठराव्या ठिपक्याकडं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणाले, "आधी त्यांचं माप देऊन टाका."

मी माप दिलं. शिगोशीग. हात गेला.

साहेबानं चहासुद्धा घेतला नाही. महिन्यानं पत्र आलं: "अर्जदाराच्या योजनेत कार्ड हाच ठिपक्यांचा साचा आहे. ज्याच्याजवळ कार्ड आहे तो भोकांतून टोचून दुसऱ्या कुठल्याही हातावर तेच गोंदण काढू शकतो. म्हणजे कुलपासोबतच किल्ली दिली जाते. सबब अर्ज नामंजूर." गौराबाईचं नाव त्यात कुठंही नव्हतं. आठव्या शनिवारचा उल्लेखही नव्हता.

"आता तूच बघ, धुळाप्पा. साहेब भुताला भ्याला. सरकारी कागदावर भूत कसं लिहिणार? म्हणून साचा, किल्ली, असलं काहीबाही लिहून मोकळा झाला. माझी नोकरी एका भुतानं खाल्ली. पुढं सुगी आली, काम बंद झालं, आणि तो हात त्यानंतर कुणालाही दिसला नाही."

मी बिडी काढली. गोष्ट जमली होती. धुळाप्पाच्या अंगावर काटा होता, मला दिसत होता.

"न्हाय दिसला व्हय?" म्हातारी म्हणाली.

तिनं गाठोडं बाजूला ठेवलं. पदर मागं सारला आणि डावा हात धुळाप्पाच्या नाकासमोर धरला. मनगटात बांगडी नव्हती. कातडी सुरकुतलेली, पण तुळस हिरवीगार.

धुळाप्पानं बोट लावून मोजलं. "अठरा," तो म्हणाला. मग वाकून बघितलं. "ह्यो शेवटचा सरकलाय की."

"सरकनारच. टोचनाऱ्याचा हात कापत हुता." तिनं माझ्याकडं बघितलं. तीस वर्षांनी ते डोळे मी पुन्हा बघत होतो. एका वितीच्या खिडकीतनं नुसता हात दिसायचा. "गौराक्का जाऊन एक दीस झाला हुता. पेटीतलं कार्ड घिऊन तुमीच आमच्या दारात आलासा. राख कसली वो? माझ्याच दिव्याचं काजळ हुतं ते. हळद बी माझीच, सूज उतरावी म्हनून लावलेली. आन टोचताना रडत हुता तुमी, म्या न्हाय."

"सिताबाई..." मी म्हणालो.

"भूत म्हनं! थोरला भाचा तुळजापूर डेपोत कंडक्टर हाय. आता यील त्याचीच गाडी. त्याला काय सांगू, भुतानं वाढवला म्हनून? खोटं बोलताय, आबाराव. समदं खोटं!"